जुन्या गावातला शेवटचा सिनेमा
(सास्तूर, ता. लोहारा, जि. धाराशिव इथं दिलेल्या व्याख्यानाचं शब्दांकन. बोलण्याचा ओघ शक्यतो तसाच ठेवला आहे.)

मागं आवाज पोचतोय ना? पोचत नसेल तर हात वर करा, मी जरा जोरात बोलतो.

मी आज ‘मराठी सिनेमाचा इतिहास’ असा विषय घेऊन आलो होतो. फाळके, बाबूराव पेंटर, प्रभात, अत्रे, दादा कोंडके, अशी क्रमवार टिपणं काढून आणली होती. पण अर्ध्या तासापूर्वी चहा घेताना समोर बसलेल्या दोघा मामांना मी सहज विचारलं, जुन्या गावात तुम्ही शेवटचा सिनेमा कोणता बघितला? जुन्या गावात म्हणजे १९९३ च्या आधीच्या सास्तुरात. एक मामा म्हणाले, ‘माहेरची साडी’. गणपतीत पडदा लावला होता. दुसरे लगेच म्हणाले, छे, छे, ‘सांगत्ये ऐका’ होता, मी पडद्याच्या मागच्या अंगाला बसलो होतो. मग दोघांची जी जुंपली, ती अजून मिटलेली नाही. ते बघा, तिसऱ्या रांगेत दोघं एकमेकांकडं न बघता बसलेत. (हशा)

मला त्या भांडणात गंमत वाटली आणि थोडी भीतीही वाटली. कारण हा वाद मिटवायला कागद नाही. फळा नाही, तिकिटाचं अर्धुक नाही, वर्गणीची वही नाही. गणपतीची वही असेलही, पण ती ज्या घराच्या कोनाड्यात होती ते घरच ३० सप्टेंबरच्या पहाटे बसलं. तेव्हा आज क्रमवार इतिहास बाजूला ठेवतो. एकच गोष्ट धरून बोलतो. सिनेमा राहतो कुठं? आणि जातो कसा?

सुरुवात अर्थात फाळक्यांपासून. ‘राजा हरिश्चंद्र’, ३ मे १९१३, मुंबईत गिरगावातलं कोरोनेशन थिएटर. हे शाळेतल्या पोरालाही पाठ असतं. पण तो सिनेमा आज किती शिल्लक आहे, हे फार थोड्यांना माहीत असतं. मूळ चित्रपट चार रिळांचा, सुमारे ३,७०० फूट. पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयात आहेत ती दोन रिळं, पहिलं आणि शेवटचं. मधला हरिश्चंद्र गेला. आणि जी दोन आहेत तीही १९१३ चीच, की फाळक्यांनी १९१७ मध्ये हाच विषय पुन्हा काढला त्यातली, यावर अभ्यासकांत वाद आहे. म्हणजे भारतीय सिनेमाच्या पहिल्या पानावरच आपले दोन मामा बसलेत, असं समजा.

तीसुद्धा मिळाली कुणामुळं? पी. के. नायर नावाचे गृहस्थ होते. मूळचे केरळचे. १९६४ साली पुण्यात हे संग्रहालय सुरू झालं, त्यात त्यांनी आयुष्य घातलं. ते नाशिकला फाळक्यांच्या घरच्यांकडं गेले आणि तिथून तुकडे मिळवून आणले. ‘कालिया मर्दन’, म्हणजे १९१९ चा, ज्यात फाळक्यांची मुलगी मंदाकिनी कृष्ण झाली होती, तोही असाच हाती लागला. नायर २०१६ साली वारले. त्यांच्यावर ‘सेल्युलॉइड मॅन’ नावाचा माहितीपट आहे, जमलं तर बघा. त्यात त्यांची आठवण बघून माणूस थक्क होतो. अमुक सिनेमातला अमुक प्रसंग कितव्या रिळात येतो, हे ते तोंडपाठ सांगायचे.

आता मी ज्यासाठी मुद्दाम थांबणार आहे तो सिनेमा. ‘सावकारी पाश’, १९२५.

हा कोल्हापूरच्या बाबूराव पेंटरांचा. आडनाव मेस्त्री, पण पडदे रंगवायचे म्हणून पेंटर. परदेशातून कॅमेरा आणायची ऐपत नव्हती, तर या माणसानं कोल्हापुरात स्वतः कॅमेरा तयार केला. महाराष्ट्र फिल्म कंपनी काढली. १९२० ला ‘सैरंध्री’ काढला. तोवर आपला सिनेमा म्हणजे देव, राक्षस आणि राजे. आणि १९२५ ला याच पेंटरांनी नारायण हरी आपट्यांच्या गोष्टीवर ‘सावकारी पाश’ काढला. गोष्ट काय? एक शेतकरी. सावकार. कागद. जमीन जाते, आणि शेतकरी शहरात जाऊन गिरणीत मजूर होतो. संपली गोष्ट. तरुण शेतकऱ्याचं काम केलं होतं शांताराम वणकुद्रे नावाच्या मुलानं. तेच पुढचे व्ही. शांताराम.

१९२५ बरं का. शंभर वर्षं झाली. मराठवाड्यात बसून ही गोष्ट मी तुम्हाला समजावून सांगायची गरज आहे का? नाही. या तालुक्यात ती गोष्ट आजही लिहिली जाते, सातबाऱ्यावर.

तर हा सिनेमा आज नाही. एक फूटसुद्धा नाही. पेंटरांनी १९३६ मध्ये तोच विषय बोलपटात पुन्हा घेतला, ते वेगळं. मूकपट गेला. त्याच्याबद्दल आपल्याला जे माहीत आहे ते ज्यांनी बघितला त्यांच्या सांगण्यावरून. ‘हंटरवाली’ काढणाऱ्या वाडिया मूव्हिटोनचे जे. बी. एच. वाडिया, त्यांनी पुढं केव्हातरी लिहिलं की त्या सिनेमातलं एक चित्र आपल्याला अंधुक आठवतं. उदास, अंधारी झोपडी, लांबून घेतलेली, आणि कुत्र्याचं रडणं.

हे वाचल्यावर मी थांबलो होतो. कुत्र्याचं रडणं? मूकपटात? पडद्यावर आवाज नव्हताच की हो! फार तर कुत्रं तोंड वर करून उभं असेल. पण बघणाऱ्याला पुढं अनेक वर्षं तो आवाज आठवत राहिला. त्या झोपडीत काय घडलं असेल, हे त्या कुत्र्यावरून त्याला कळलं होतं. मला वाटतं, पेंटर किती मोठा दिग्दर्शक होता याचा याहून मोठा पुरावा नको. आणि इतिहासाचा विद्यार्थी म्हणून मला त्याच वेळी हेही कळतं, की हा पुरावा किती लटका आहे. एका माणसाची आठवण. तीही ऐकू न आलेल्या आवाजाची.

हे सिनेमे गेले कसे? लोकांना वाटतं आगी लागल्या, पूर आले. लागल्या की आगी. जुनी फिल्म नायट्रेटची. ती पेट घेते आणि एकदा पेटली की पाण्यानंही विझत नाही. उन्हाळ्यात बंद खोलीत नुसती पडून राहिली तरी आधी चिकट होते, मग तिची भुकटी होते. १९५० नंतर ही फिल्म बंद झाली आणि सुरक्षित फिल्म आली. पण फक्त आगीनं एवढं जात नाही. जास्त गेलं ते विकून. फिल्मवर चांदी असते. १९३१ ला ‘आलम आरा’ आला, १४ मार्चला, मुंबईच्या मॅजेस्टिकमध्ये, आणि पडदा बोलायला लागला. दोन-तीन वर्षांत मूकपटाची किंमत शून्य. कोण लावणार? मग गोदामाचं भाडं भरण्यापेक्षा किलोवर घालवलेलं बरं. फिल्म धुवायची, चांदी काढायची, उरलेलं भंगारवाल्याला. हजाराच्या वर मूकपट निघाले या देशात. पूर्ण म्हणावेत असे आज बोटांवर मोजण्याइतके. आणि ज्यानं मूकपटाला मारलं तो ‘आलम आरा’? तोही नाही. त्याचीही प्रत सापडत नाही.

भूकंपानं जातं ते क्षणात जातं आणि सगळ्यांना दिसतं. हे कुणालाच दिसलं नाही. कारण त्या वेळी ते नुकसान नव्हतंच मुळी, तो व्यवहार होता. मी त्या गोदामवाल्याला शिव्या देत नाही. त्याच्या जागी मी असतो तर मीही तेच केलं असतं.

मग जे राहिलं ते का राहिलं? इथं ‘संत तुकाराम’ घेऊ.

गंमत बघा, माणसं तीच आहेत. पेंटरांच्या कंपनीत काम शिकलेले दामले, फत्तेलाल, शांताराम आणि आणखी दोघं बाहेर पडले, १९२९ ला कोल्हापुरातच प्रभात काढली आणि १९३३ ला पुण्याला आले. १९३२ चा ‘अयोध्येचा राजा’, मराठीतला पहिला बोलपट, तो त्यांचा. आणि १९३६ चा ‘संत तुकाराम’ दामले-फत्तेलालांचा. मुंबईत ५७ आठवडे चालला. व्हेनिसच्या महोत्सवात त्याचा गौरव झाला. विष्णुपंत पागनीस तुकाराम झाले. आधी रंगभूमीवर स्त्रीभूमिका करणारा माणूस. पुढं लोक रस्त्यात त्यांच्या पाया पडायचे. गौरीबाईंनी तुकोबांच्या बायकोचं काम केलंय, आणि मला विचाराल तर अर्धा सिनेमा त्यांचा आहे. पोरगं तापानं फणफणलंय, घरात दाणा नाही आणि नवरा भजनात. मग ती बाई वहाण घेऊन थेट विठोबावर चालून जाते. तंबूत हा प्रसंग आला की बायकांच्या बाजूनं जो हुंकार निघायचा, तो व्हेनिसला काही निघाला नसेल.

त्यात शांताराम आठवल्यांनी लिहिलेला एक अभंग आहे. तो इतका बेमालूम जमला, की जाणकार मंडळी तुकोबांच्या गाथेत तो शोधत बसली.

हा सिनेमा राहिला, त्याचं कारण कला नाही. कलेनं काही टिकत नसतं, नाहीतर ‘सावकारी पाश’ टिकला असता. तो राहिला कारण तो परत परत लावता येत होता. आषाढी आली, लाव तुकाराम. जत्रा आली, लाव तुकाराम. ज्या डब्याला दरवर्षी मागणी आहे तो डबा कुणी भंगारात घालत नाही. आणि दुसरं कारण घरचं. प्रभात १९५३ ला बंद पडली, सगळं विकलं गेलं, पण पुढं दामल्यांच्या मुलानं, अनंतरावांनी, प्रभातचे चित्रपट परत मिळवले आणि सांभाळले. प्रभातच्या जागेत १९६० ला फिल्म इन्स्टिट्यूट आली, तेही बरं झालं. म्हणजे देव आणि वारस. ‘सावकारी पाश’ला दोन्ही नव्हतं. कर्जात बुडालेल्या शेतकऱ्याचा सिनेमा जत्रेत कोण लावणार? जत्रेला माणूस ते विसरायलाच येतो.

हे मी जरा कठोर बोलतोय, पण मला ते तसंच वाटतं.

आता आपल्या भागाकडं येऊ. १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत हा मुलूख निजामाकडं. पलीकडं सोलापूर, बार्शी इंग्रजांकडं. कारभार उर्दूत. मराठी सिनेमा बघायचा म्हणजे ओढा सोलापूरकडं, आणि तो पुढंही राहिला. सोलापुरात भागवतांच्या एकाच आवारात एकाला लागून एक थिएटरं, आणि जानेवारीत सिद्धेश्वराची गड्ड्याची जत्रा. या बाजूला नळदुर्गच्या खंडोबाची जत्रा पौषात. तुळजापूर तर बारमाही. सिनेमाचे तंबू या जत्रांच्या मागं मागं फिरायचे. तमाशाचे फड फिरायचे तसेच.

तंबूचा सिनेमा तरुणांना सांगायला हवा. ट्रकवर सगळा संसार. कनात, खांब, पडदा, मशीन, जनरेटर. दिवसा गाडीला भोंगा बांधून गावोगाव पुकारा आणि रंगीत कागदाची हँडबिलं उडवायची. पोरं गाडीमागं धुळीत पळायची. मीही पळालोय. रात्री खाली जमिनीवर बसायचं, आपापलं पोतं घेऊन. मध्ये दोरी, एका बाजूला बाया, एका बाजूला गडी. मशीन बहुधा एकच, म्हणून रीळ संपलं की अंधार. हजार फुटांचं रीळ अकरा मिनिटं चालतं. दुसरं चढवेपर्यंत शिट्ट्या, बिड्या, शेंगा. दिव्याच्या जागी कार्बनच्या दोन कांड्या. त्यांच्यातल्या ठिणगीचा उजेड पडद्यावर पडायचा. कांडी जळून आखूड झाली की चित्र पिवळं पडायचं आणि सगळा तंबू ओरडायचा, “ए, कार्बन!” म्हणजे खेडूत माणसाला कार्बन आर्क काय असतो ते ठाऊक होतं. आज मोबाइलमध्ये काय जळतं ते मला ठाऊक नाही.

पण सगळ्यात महत्त्वाची ती पेटी. पत्र्याची, आत रिळांचे डबे. एसटीच्या टपावरून यायची. “पेटी आली का?” हा त्या धंद्यातला सगळ्यात मोठा प्रश्न. ती प्रत आधी मुंबई-पुण्यात चालायची. तिथं घासली की जिल्ह्याला. जिल्ह्यात घासली की तालुक्याला. आणि शेवटी तंबूला. प्रत्येक खेळात फिल्मवर ओरखडे. पडद्यावर पाऊस पडतोय असं दिसायचं, उन्हाळ्यातल्या प्रसंगातसुद्धा. मध्येच फिल्म तुटायची. ऑपरेटर तुटलेला तुकडा कापायचा, सिमेंट लावून जोडायचा, पुढं चालू. एका सेकंदाला चोवीस चित्रं असतात. दोन-चार गेली तर काय कळतंय? पण शंभर गावांत शंभर वेळा तुटली की? नट दारात उभा असतो आणि एकदम खाटेवर बसलेला दिसतो. वाक्याचा शेंडा गायब. शिवाय गाण्यातले तुकडे ऑपरेटर मुद्दाम कापून ठेवायचा. पोरं पाच-दहा पैशांना ते विकत घेऊन पुठ्ठ्याच्या डब्यात भिंग लावून बघायची. माझ्याकडंही होते. कुठल्यातरी गावाच्या गाण्यातलं अर्धं सेकंद मी खिशात घालून फिरलोय, हे आता लक्षात येतं. (हशा)

म्हणजे मंडळी, पुण्याच्या माणसानं बघितलेला ‘सांगत्ये ऐका’ आणि तुम्ही बघितलेला ‘सांगत्ये ऐका’ एकच नव्हे. १९५९ चा अनंत माने यांचा हा सिनेमा. पुण्यात विजयानंदला अडीच वर्षांच्या आसपास एकाच पडद्यावर चालला. जयश्री गडकर, हंसा वाडकर. हंसाबाईंनी पुढं आत्मचरित्रालाही तेच नाव दिलं, त्यावरून बेनेगलांनी १९७७ ला ‘भूमिका’ काढला. पुस्तकांत आहे तो इतिहास विजयानंदच्या प्रतीचा. तुमच्या प्रतीचा नाही. तुमच्या प्रतीत कुठलं गाणं अर्धं होतं, कुठल्या प्रसंगाला रीळ बदलायचं, शेवटचा डबा उशिरा आला म्हणून लोक पहाटेपर्यंत कसे थांबले, हे कुणी लिहून ठेवलेलं नाही.

मघाचे दुसरे मामा म्हणाले ना, पडद्याच्या मागच्या अंगाला बसलो होतो? गणपतीत गल्लीत पडदा बांधला की दोन्हीकडून माणसं बसायची. मागून सगळं उलटं. नावं उलटी, तलवार डाव्या हातात. मामांना मी विचारलं, काय आठवतं? तर म्हणाले, ढोलकीवाला डावरा होता. मला हे सोन्यासारखं वाटलं. असला बारकावा माणूस मनानं रचत नाही. पहिल्या मामांनी रागावू नये, पण तेवढ्यापुरतं माझं पारडं दुसऱ्यांकडं झुकलं. आता दुसऱ्यांनीही फार खुश होऊ नये. तो ढोलकीवाला त्याच वर्षीच्या गणपतीतला, हे कशावरून? दहा वर्षं आधीचाही असेल.

एक विषयांतर करतो, तुमच्या जिल्ह्याचं आहे म्हणून. तेरचे गोरोबाकाका. चिखल तुडवताना देहभान हरपलं आणि मूल पायाखाली आलं, ती कथा. हे आपले धाराशिव जिल्ह्यातले संत, पण त्यांच्यावरचा एक अतिशय गाजलेला सिनेमा कानडी आहे. ‘भक्त कुंबार’, १९७४, राजकुमार गोरोबा झालेत. त्याआधी १९४८ ला तमिळमध्ये ‘चक्रधारी’, नागय्या होते. १९७७ ला तेलुगूत ‘चक्रधारी’, त्यात नागेश्वर राव. उमरग्याच्या पलीकडं सीमा ओलांडली की कानडी मुलूख. घरात मराठी आणि सासर-माहेर कानडी असं ज्यांचं आहे, त्यांनी तेरचे गोरोबा राजकुमारच्या चेहऱ्यानं बघितलेत. एक बाई मला म्हणाल्या होत्या, आमचे गोरोबा कानडी बोलतात पण रडतात मराठीत. असो.

दादा कोंडक्यांवर मी आज बोलणार नाही, नाहीतर रात्र सरेल. एवढंच सांगतो, १९७१ च्या ‘सोंगाड्या’पासून सलग नऊ सिनेमांचे रौप्यमहोत्सव झाले, त्याची गिनेस बुकात नोंद झाली. आणि तंबूवाल्यांची पोटं त्या माणसानं किती वर्षं भरली, त्याची नोंद कुठल्याच बुकात नाही.

मग टीव्ही आला. मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ ला सुरू झालं, पण आपल्याकडं अँटेना दिसायला लागले ते ऐंशीच्या दशकात. २५ जानेवारी १९८७ ला ‘रामायण’ सुरू झालं आणि रविवारी सकाळी रस्ते ओस. जत्रेतला देव घरात आला. तंबूचा निम्मा धंदा तिथंच बसला, उरलेला व्हिडिओनं घालवला. गणपतीतही मशीन जाऊन व्हीसीआर आला, रात्रभराच्या भाड्यानं, तीन कॅसेटसह. तरी काही तंबूवाले तगून राहिले. २०१६ साली ‘द सिनेमा ट्रॅव्हलर्स’ नावाचा माहितीपट आला, शर्ली अब्राहम आणि अमित मधेशिया यांचा. कानच्या महोत्सवात त्याची विशेष दखल घेतली. आपल्याच महाराष्ट्रातल्या जत्रांतले तंबूवाले आहेत त्यात. फिल्म जाऊन डिजिटल येतं आणि मशीन भंगारात जातं, ते त्यात दिसतं. शंभर वर्षांत भंगारवाला काही बदलला नाही.

आणि संग्रहालयात गेलं म्हणजे सुटलो, असंही नाही. जानेवारी २००३ मध्ये पुण्यात फिल्म इन्स्टिट्यूटच्या आवारात संग्रहालयाच्या नायट्रेट गोदामाला आग लागली. जुनी, मूळ रिळं जळाली. बऱ्याच सिनेमांच्या प्रती आधीच दुसऱ्या फिल्मवर काढून ठेवल्या होत्या, असं तेव्हा सांगण्यात आलं. पण प्रत ती प्रत.

आता ३० सप्टेंबर १९९३. मी तुम्हाला त्या रात्रीबद्दल काही सांगायला उभा राहणं बरं दिसत नाही, तुम्ही ती काढली आहे. मी फक्त माझ्या विषयापुरतं बोलतो. अनंत चतुर्दशीची रात्र. विसर्जन करून माणसं उशिरा झोपली. पहाटे चारच्या आत किल्लारी, सास्तूर आणि आजूबाजूची गावं जमिनीला मिळाली. जवळपास दहा हजार माणसं गेली. तेव्हा तुमचा तालुका उमरगा होता, जिल्ह्याचं नाव उस्मानाबाद होतं. नंतर गाव नव्या जागी उठलं, तालुका लोहारा झाला, आता जिल्ह्याचं नावही बदललं. म्हणजे पत्ता विचारला तर जुन्या पत्त्यातलं सास्तूर एवढंच उरलं.

त्या दहा दिवसांच्या गणपतीत जुन्या गावात पडद्यावर काय लागलं होतं, हे मी का शोधतोय, असं कुणाला वाटेल. एवढी माणसं गेली आणि हा सिनेमाचं विचारतोय. मीही चहा पिताना तोच विचार केला आणि प्रश्न मागं घेणार होतो. पण पहिले मामा म्हणाले, “विचारा हो. त्या पडद्यापुढं कोण कोण बसलं होतं ते मला सगळं दिसतंय.” आणि त्यांनी नावं घ्यायला सुरुवात केली. पुढं कोण, खांबाजवळ कोण, कुणाच्या मांडीवर कोण झोपलं होतं. दुसरे मामा, जे सिनेमाच्या नावावर हटून बसले होते, ते या नावांवर मात्र एकदाही अडले नाहीत. उलट पहिल्यांना दोन नावं सुटली होती, ती त्यांनी भरली. ती नावं मी इथं घेणार नाही. ती घरोघरची आहेत.

सिनेमाच्या इतिहासात प्रेक्षक म्हणजे आकडा असतो. ५७ आठवडे, अडीच वर्षं, रौप्यमहोत्सव. गल्लीतल्या पडद्यापुढं बसलेल्यांची नावानिशी यादी मी आजवर कुठल्याही पुस्तकात बघितली नाही. इथं ती दोन माणसांच्या डोक्यात आहे, आणि दोघंही सत्तरीच्या पुढं आहेत. वाडियांनी ती झोपडी लिहून ठेवली म्हणून ‘सावकारी पाश’मधलं एक चित्र तरी आपल्यापर्यंत आलं. तेही अंधुक का होईना.

तर आता माझं बोलणं थांबवतो. प्रश्न घेऊच, पण त्याआधी एक काम आहे. मी कोरी वही आणली आहे, दोनशे पानी. कुणाकडं जुनं हँडबिल, गाण्याची चोपडी, फिल्मचा तुकडा असेल तर मला द्यायचा नाही. घरीच ठेवा, मी फोटो काढून घेतो. आणि तिसऱ्या रांगेतल्या दोघा मामांनी जरा पुढं यावं. सिनेमाचं नाव दोघांनी सांगितलं तसं, दोन्ही लिहू. मग बसणाऱ्यांची नावं सांगा, पुढच्या रांगेपासून. अहो, त्या मामांना जरा खुर्ची द्या कुणीतरी.